ब विंगला दोन मिनिटं उशीर

चिखल्याचं खरं नाव पेन्शनच्या पुस्तकात आहे, आणि ते तिथंच बरं आहे. सोसायटीतली माणसं त्याला काका म्हणायची. पण काकांना काय तोटा हो? दूध टाकणारे काका, लिफ्ट दुरुस्त करणारे काका, गेटवरचे काका. चिखल्या मात्र एकच होता, आणि त्याला त्या नावानं हाक मारणारी माणसं जगात दोन होती. त्यातला एक तीन वर्षांपूर्वी गेला. दुसरा गेला, त्यानंतरची ही हकिकत.

चिखल्या आर्मीत ट्रक चालवायचा. चोवीस वर्षं चालवला, मग निवृत्त होऊन या सोसायटीत पाणी सोडायच्या कामाला लागला. तीन इमारतींच्या मागे मोटरची खोली, तिला लागून त्याच्या दोन खोल्या. रोज सकाळी साडेसहाला मोटर चालू करायची आणि तीन व्हॉल्व्हची तीन चाकं एकामागून एक फिरवायची. आधी अ विंग, मग ब, मग क. चाळीस मिनिटांनी त्याच क्रमानं बंद. काम साधं, पण एक दिवस चुकलं तर दीडशे माणसं तोंडाला साबण लावून बोंब मारणार. अठरा वर्षांत ते एकदाच चुकलं, अगदी पहिल्याच आठवड्यात.

त्या दिवशी ब विंगचं चाक गंजून बसलं होतं, फिरता फिरेना. चिखल्या दोन्ही हातांनी ओढतोय, घाम गाळतोय, तोच वरून पाइपवर ठण् ठण् ठण् असा आवाज आला. कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात पाइपवर चमचा आपटत होतं. चाक काही हललं नाही. पाच मिनिटांनी एक उंच, हाडकुळा माणूस कमरेला टॉवेल, डोक्याला फेस, हातात स्टीलचा चमचा, अशा अवतारात मोटरच्या खोलीत हजर झाला. त्यानं चिखल्याकडे पाहिलं. मग चिखल्याच्या पायांकडे पाहिलं. निवृत्त झाला तरी चिखल्या बूट आर्मीच्याच पद्धतीनं बांधायचा.

"तरीच," तो माणूस म्हणाला. "आर्मीला पाणी दाखवलं की अशीच गत होते."

"आणि तुम्ही कोण?"

"नेव्ही. अठ्ठावीस वर्षं."

"तरीच टॉवेलवर फिरताय," चिखल्या म्हणाला. "अंगावर पाणी नसलं की नेव्हीला कपडेच सुचत नाहीत."

तो माणूस एवढा हसला की डोक्यावरचा फेस डोळ्यात गेला. मग दोघांनी मिळून चाक फिरवलं. झालं, तिथून जे सुरू झालं ते अठरा वर्षं चाललं.

त्याचं नाव पडलं बुडबुड्या. का, तर पहिल्याच बोटीवर चढताना, सगळे साहेब रांगेत उभे असताना, हा फळीवरून घसरून धक्क्याच्या पाण्यात पडला होता. हे त्यानं स्वतःच एकदा सांगितलं. ही त्याची चूक. चिखल्यानं मग आपली हकिकत सांगितली, की पावसात अख्खा ट्रक चिखलात रुतवून तो तीन दिवस त्याच्या टपावर बसून होता. ही त्याची चूक. अशा गोष्टी दुसऱ्या सेनेच्या माणसाला सांगायच्या नसतात, हे काय रंगरूटालाही कळतं.

तिसरा होता गादीवाला. क विंगमध्ये राहायचा, एअर फोर्सचा. एअर फोर्समध्ये म्हणजे विमानात नव्हे हं, भांडारात. चोवीस वर्षं त्यानं गाद्या, उशा आणि मच्छरदाण्या मोजल्या. आर्मी आणि नेव्ही या दोघांचंही एका बाबतीत एकमत होतं, की एअर फोर्सवाले लढाईलासुद्धा गादी घेऊन जातात. गादीवाला ते मनाला लावून घ्यायचा नाही. "तुम्ही चिखलात झोपा, तुम्ही पाण्यात झोपा," तो शांतपणे म्हणायचा, "कुणीतरी शुद्धीवर राहायला हवं ना."

स्कूटर लावायच्या शेडजवळ एक बाक होता. पाणी सोडून झालं की साडेसातला तिघं तिथं जमायचे, गादीवाल्याच्या घरून थर्मास यायचा, आणि टोमण्यांचा खेळ सुरू व्हायचा. खेळाला नियम होते, आणि ते लष्करी शिस्तीनं पाळले जायचे. एका वेळी एकच टोमणा. ज्याला टोमणा बसला त्याच्यावर राज्य, लहान मुलांच्या खेळात असतं तसं. राज्य असलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर द्यायचं. बायको, मुलं आणि आजार यांच्यावर बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे स्तुती करायची नाही. तोंडावरही नाही, पाठीमागेही नाही. कुणी चुकून जरी दुसऱ्याला चांगलं म्हणालं, तर शेडसमोर भर रस्त्यात उभं राहून दुसऱ्याच्या सेनेला सॅल्यूट ठोकायचा. अठरा वर्षांत अशी वेळ कुणावरच आली नव्हती.

ब विंगच्या पाण्याचंही असंच. चाक गंजलं होतं ते एकदाच, पण त्यानंतर चिखल्या ब विंगचं पाणी रोज मुद्दाम दोन मिनिटं उशिरा सोडायचा. बुडबुड्या तिसऱ्या मजल्यावरून पाइपवर तीनदा चमचा आपटायचा. ठण् ठण् ठण्. मग चिखल्या चाक फिरवायचा. ब विंगच्या लोकांनी सोसायटीच्या अध्यक्षांकडे चार वेळा तक्रार केली. अध्यक्षांनी चार वेळा विचारलं, आणि चार वेळा चिखल्यानं मान खाली घालून सांगितलं, "चाक जुनं आहे, साहेब."

चिखल्याची बायको गेली तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. मुलगा दूरच्या शहरात, आला आणि आठ दिवसांत परत गेला. चिखल्या खोलीत बसून राहिला. पाणी सोडायला उठायचा, सोडायचा, परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. बुडबुड्या रोज यायचा आणि शेजारी बसायचा. एक शब्द बोलायचा नाही. नऊ दिवस. दहाव्या दिवशी उठताना दारात थांबून म्हणाला, "आर्मीला एवढी सुट्टी कुणी मंजूर केली म्हणे?"

चिखल्या त्याच्याकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला आणि रडायलाही लागला. दुसऱ्या दिवशी ब विंगला पाणी पुन्हा दोन मिनिटं उशिरा आलं.

गादीवाला गेला तेव्हा क विंगच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. लोक उठून बोलत होते, ते किती प्रेमळ होते, किती मनमिळाऊ होते. कान किटले. मग चिखल्या उभा राहिला आणि गादीवाल्याच्या फोटोकडे बघून म्हणाला, "एअर फोर्समध्ये चोवीस वर्षं काढलीस लेका, पण वर गेलास तो आत्ता पहिल्यांदा."

अध्यक्षांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून बुडबुड्या म्हणाला, "आणि गादी विसरून गेला."

आधी हसली ती गादीवाल्याची बायको. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. पदर तोंडाला लावून हसली, मग सगळा हॉल हसला. त्या दिवशी घरी येताना बुडबुड्या म्हणाला, "आता ठरलं. जो आधी जाईल, त्याला दुसऱ्यानं असंच पोचवायचं. गोड बोललास तर बघ."

"मी आणि गोड? तुझ्याबद्दल?" चिखल्या म्हणाला. "आधी जाऊन तर बघ."

मग तीन वर्षं बाकावर दोघंच. थर्मास आता बुडबुड्या आणायचा. चहा पाण्यासारखा, पण नेव्हीचा म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं चिखल्या रोज म्हणायचा आणि दोन कप प्यायचा.

या वर्षी बुडबुड्या आजारी पडला. चमचा वाजत नसला तरी ब विंगला पाणी दोन मिनिटं उशिराच यायचं, आणि चिखल्या रोज दुपारी हॉस्पिटलला जायचा. आजारावर बोलायचं नाही या नियमानं मोठी पंचाईत झाली होती, कारण तिथं दुसरा विषयच नव्हता. एके दिवशी बुडबुड्या उशीवर डोकं टेकून, हळू आवाजात म्हणाला, "चिखल्या, मी गेलो की ब विंगला पाणी वेळेवर येईल. लोकांना माझ्या मरण्याचा तेवढाच फायदा."

राज्य चिखल्यावर आलं. त्याला काही सुचेना. नर्स येऊन उभी राहिली, भेटायची वेळ संपली म्हणाली. "उद्या सांगतो," चिखल्या म्हणाला. बुडबुड्यानं हात वर केला, एक बोट दाखवलं. म्हणजे एक दिवस, नियमाप्रमाणे.

त्या दिवशी घरी येताना बसमध्येच चिखल्याला टोमणा सुचला. इतका झकास सुचला की तो एकटाच हसला आणि शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला. सकाळी आठला बुडबुड्याच्या मुलीचा फोन आला. बाबा पहाटे गेले.

ब विंगच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बुडबुड्याचा गणवेशातला फोटो, हार. मुलगी पुढच्या रांगेत बसली होती. कॉलेजात असताना ती त्याला चिखलकाका म्हणायची, आता चाळिशीची झाली होती, परदेशी नोकरी करायची. चिखल्याकडे टोमणा तयार होता, बसमधला. अध्यक्षांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलंही, "काका, मागच्यासारखं काही नको हं. बरं दिसत नाही." अध्यक्षांना कोण विचारतो? चिखल्या उठला, माइकपाशी गेला. फोटोकडे पाहिलं.

आणि चिखल्याच्या तोंडून निघालं, "ते फार सज्जन होते. फार मोठ्या मनाचे होते. त्यांच्या आत्म्याला शांती लाभो."

लोकांनी माना हलवल्या. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास टाकला. चिखल्या जागेवर येऊन बसला आणि त्याचे कान पेटले. अठरा वर्षांत पहिली स्तुती, तीही भर सभेत, तीही बुडबुड्यासमोर. गादीवाल्याला त्यानं वाघासारखं पोचवलं होतं, आणि बुडबुड्याला? एखाद्या पोस्टमास्तरच्या निरोप समारंभाला बोलावं तसं. त्या दिवशी सभेनंतर सगळे पांगल्यावर चिखल्या स्कूटर शेडसमोर गेला. सरळ उभा राहिला आणि नेव्हीला सॅल्यूट ठोकला. कुणी बघितला असेल तर म्हातारा खुळावला असंच म्हटलं असेल. म्हणू दे. नियम म्हणजे नियम. पण जीव हलका झाला नाही तो नाहीच.

पुढचे अडीच आठवडे त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. सकाळी साडेसहाला मोटर, अ विंग, आणि लगेच ब विंग. उशीर कुणासाठी करायचा? पाइप मुका. ब विंगचे लोक खूश. तळमजल्यावरच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "काका, चाक बदललं वाटतं! आता कसं वेळेवर पाणी येतं." चिखल्या हो म्हणाला आणि आत येऊन खुर्चीवर बसला. बुडबुड्याचा शेवटचा टोमणा शब्दशः खरा झाला होता, आणि उत्तर अजून चिखल्याच्या घशात अडकलेलं होतं. बाकावर तो एकदा गेला. पाच मिनिटं बसला. कुणीतरी येताजाता "काय काका, बरं ना?" म्हणालं. तो उठून घरी आला आणि परत गेला नाही. रविवारी मुलाचा फोन यायचा. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "बाकी?" बाकी काय सांगणार? एक माणूस मला एका नावानं हाक मारायचा, तो गेला, आता ते नाव कुणाकडेच नाही, असं मुलाला फोनवर कसं सांगायचं? "बाकी ठीक," तो म्हणायचा.

अठराव्या दिवशी दुपारी मुलीनं त्याला वर बोलावलं. फ्लॅट रिकामा करून झाला होता. उघड्या भिंती, खिळ्यांच्या जागा, मध्ये बांधलेली चार खोकी आणि खिडकीत एक खुर्ची. तिला विमानतळावर न्यायला संध्याकाळी गाडी येणार होती. तिनं चिखल्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खोक्यावर बसली. तिच्या हातात एक पाकीट होतं, आणि ती ते देतही नव्हती आणि ठेवतही नव्हती.

"चिखलकाका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार ना, बाळा."

"बाबांनी हे तुमच्यासाठी दिलंय. हॉस्पिटलमध्ये लिहिलं. पण म्हणाले, शोकसभेत चिखल्या टोमणा मारेल, तो मारून झाला की मगच द्यायचं. त्याआधी दिलंस तर माझी शपथ." तिनं पाकीट उलटसुलट केलं. "आणि तुम्ही तर मारलाच नाहीत. मी वाट बघत होते. पुढच्या रांगेत मुद्दाम बसले होते. आता मी देऊ की नको, तेच मला कळत नाहीये. अठरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. बाबांची अट मोडायची कशी?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू होईना.

"टोमणा होता माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "सभेच्या आधीपासून होता. अजून आहे."

"मग?"

"मग काय. माइकपाशी गेलो, त्याच्या फोटोकडे बघितलं, आणि वाटलं, मी आता बोललो की राज्य याच्यावर जाणार. आणि हा तर गेला. म्हणजे खेळ संपला." त्यानं हातानं तोंड पुसलं. "नाही बोललो, तर निदान राज्य माझ्यावर राहतं. खेळ चालू राहतो. म्हणून गोड बोललो. भ्यालो गं, दुसरं काही नाही. चोवीस वर्षं आर्मीत काढली, आणि चार वाक्यांना भ्यालो."

मुलगी रडत होती, पण हसतही होती, अगदी बापासारखी. "मग आत्ता बोला. मी बाबांच्या वतीनं ऐकते. माझी गाडी येईल, काका. आज नाही बोललात तर हे पाकीट मला परत घेऊन जावं लागेल."

चिखल्या उठला. बसून बोलायची ही गोष्टच नव्हती. त्यानं शर्ट खाली ओढला, रिकाम्या भिंतीकडे तोंड केलं, जिथं फोटोचा खिळा होता तिकडे.

"बुडबुड्या," तो म्हणाला. मग खाकरला. "जन्मभर माझ्या चिखलाला नाकं मुरडलीस. पाणी, पाणी करत फिरलास. आणि शेवटी कुठं आलास? मातीतच ना? ये. ही आर्मीची हद्द आहे. बूट पुसून ये."

रिकाम्या खोलीत आवाज घुमला. मुलगी तोंडावर हात दाबून इतकी हसली की तिला खोक्याचा आधार घ्यावा लागला. मग तिनं पाकीट पुढे केलं. चिखल्यानं चष्मा लावला. आत घडी केलेला एकच कागद होता, अक्षर वाकडंतिकडं, पण बुडबुड्याचंच.

*चिखल्या, मातीवरूनच बोललास ना? दुसरं तुला काय सुचणार. माझी राख समुद्रात सोडायला सांगितली आहे. तुला गुडघ्याच्या वर पाणी आलं की घाम फुटतो, तेव्हा तिथं तरी मला सुखानं राहता येईल. यायची घाई करू नकोस. राज्य तुझ्यावर.*

चिखल्यानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना 'घाई करू नकोस' यावर येऊन थांबला. नियमात बसत नव्हतं ते. टोमणा नव्हता तो. मेल्यावर का होईना, बुडबुड्यानं पण नियम मोडला होता.

"सोडली राख?" त्यानं विचारलं.

"परवा," मुलगी म्हणाली. "भरतीच्या वेळी."

"पोचला म्हणजे," चिखल्या म्हणाला, आणि मग मात्र त्याला रडू आवरलं नाही. मुलगी उठून त्याच्याजवळ आली. संध्याकाळी तिनं किल्ली अध्यक्षांकडे दिली, खाली येऊन चिखलकाकांच्या पाया पडली आणि गाडीत बसली. गाडी गेटबाहेर वळेपर्यंत चिखल्या हात वर करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यानं मोटर चालू केली आणि अ विंगचं चाक फिरवलं. मग ब विंगच्या चाकावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. एक मिनिट झालं. दोन झाली. पाइप गप्प. तिसरं मिनिट लागलं तशी तळमजल्यावरच्या वहिनींची खिडकी उघडली.

"अहो काका, पाणी कुठंय? आता कुठं वेळेवर यायला लागलं होतं!"

"येतंय वहिनी."

"चाक परत बसलं की काय?"

"नाही," चिखल्या म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरून अजून हाक आली नाही."

वहिनी जरा हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तिथं आता कुणी नाहीये."

"माहीत आहे," चिखल्या म्हणाला, आणि त्यानं चाक फिरवलं.